तारा, ती पैज मी हरले होते

गिऱ्हाईक कंपनीचे साहेब समोरच्या खुर्चीत बसले होते. ब्रेकच्या रबरी सीलची चाचणी दाखवा म्हणाले. मी मोठ्या ऐटीत बटण दाबलं आणि पडद्यावर आलं: मटकीची उसळ, दुसरी शिफ्ट, शिल्लक नाही.

हा मूर्खपणा माझा. आयुष्यातल्या बाकीच्या मूर्खपणांना कुणी ना कुणी वाटेकरी सापडला, नवरा तर हक्काचाच होता. हा मात्र निर्भेळ माझा. तू शेजारी उभी होतीस. हसली नाहीस. ओठ आत ओढून घेतलेस आणि खिडकीबाहेर बघत राहिलीस, पण तुझे खांदे हलताना मला दिसत होते. साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, की ही चाचणी कुठल्या तापमानाला घेतली.

तुझे दिवस होऊन गेले. मी सकाळी गॅलरीत बसते, कडुनिंबातून ऊन गळत असतं, खाली प्राधिकरणातला रस्ता अजून पुरता जागा झालेला नसतो. माणूस गेल्यावर काहीतरी थोर आठवावं म्हणतात. मला ती उसळ आठवते. आणि तिच्या पाठोपाठ, न चुकता, ती पैज.

आपली कंप्युटरची खोली आठवते का गं? भोसरीच्या जुन्या प्लांटमध्ये, प्रेस शॉपच्या भिंतीला लागून. पलीकडे प्रेस पडला की आपल्याकडे टेबलावरचा चहा शहारायचा. तू आणि मी, दोघी एकाच पगाराच्या, एकाच पंख्याखालच्या. मी तुझ्याआधी चार महिने लागले होते आणि त्या चार महिन्यांवर मी पुढची कितीतरी वर्षं काढली. मी तेव्हा फार हुशार होते. इतकी, की दुसऱ्या कुणी काही सांगायला लागलं की मला त्याची दया यायची.

त्याच हुशारीत मी तो नंबर शोधून काढला होता. प्रत्येक लाइनच्या चाचण्यांचं टेबल वेगळं, आणि एका मुख्य टेबलात नोंद, की ह्या सीलची चाचणी अमक्या टेबलात बघा. सरळ माणसानं तिथं त्या टेबलाचं नाव लिहिलं असतं. पण डेटाबेस आपल्या प्रत्येक टेबलाला आतल्या आत एक नंबर देऊन ठेवतो. ओआयडी म्हणतात त्याला, ऑब्जेक्ट आयडेंटिफायर. तो आपण होऊन दिसत नाही, मुद्दाम विचारावा लागतो. मला तो दिसला आणि वाटलं, देवाच्या गाभाऱ्यात मागच्या दारानं शिरले. नावं काय, आज आहेत, उद्या कुणीही बदलेल. हा आतला आकडा तेवढा खरा. मी सगळीकडे तोच आकडा लिहून ठेवला, साधा, उघडा आकडा.

तू तेव्हाच मला अडवलं होतंस. म्हणालीस, असा नुसता आकडा ठेवू नकोस, ह्याच्यासाठी कॉलमचा एक खास प्रकार आहे. रेगक्लास. त्याला टेबलाचं नाव सांगायचं, तो मनात नंबर धरून बसतो, आणि विचारलं की नावच सांगतो. मध्येच कुणी टेबलाचं नाव बदललं, तर आपणहून नवं नाव सांगतो. आणि सगळा डेटा दुसऱ्या सर्व्हरवर न्यायची वेळ आली की तो नंबर बरोबर घेत नाही, नाव घेऊन निघतो. नव्या घरी पोहोचला की त्या नावाचा तिथला नंबर हुडकून घेतो. कारण नंबर त्या घरापुरता असतो, असं तू म्हणालीस. उंबऱ्याबाहेर त्याला कुणी ओळखत नाही.

मी म्हणाले, हे मला कोण शिकवतंय.

मग तू ते बोललीस, जे मला आजही कडुनिंबाखाली ऐकू येतं. ऑफिसात तू आमच्यासारखीच बोलायचीस, पण वर्मावर बोट ठेवायचं असलं की तुझ्या तोंडात माहेरचं पुनावळं यायचं.

“तू सासरी कुणाचं नाव घेत न्हाईस, म्हणून हितं बी घेत न्हाईस व्हय?”

मी इतकी चिडले, कारण ते खरं होतं. आमच्या घरात नावं घ्यायची नसत. नवऱ्याचं तर नाहीच, ते ‘अहो’. दीर ‘भावजी’, जाऊ ‘मोठ्या बाई’. एकदा दवाखान्यात केसपेपर काढणाऱ्या पोरीनं नवऱ्याचं नाव विचारलं तर मी धाकट्या मुलाला पुढं ढकललं होतं, तू सांग म्हणून. आणि सगळ्यात कडक पहारा सासूबाईंच्या नावावर. घरात कुणी त्या नावाची पाहुणी आली तरी मी तिला ‘ओ पाहुण्या’ म्हणायची. दिवसभर मी माणसांना नावाशिवाय कसं गाठायचं ह्याचा सराव करत होते. मग कंपनीत येऊन टेबलांनाही तसंच गाठायला लागले, यात नवल कसलं. पदवीधर, कंप्युटरवाली, आणि डोक्यावर अदृश्य पदर.

सासूबाईंचं नाव तारा.

तुझंही तारा. लिहिलं बघ. लिहायला कधीच बंदी नव्हती, अडचण जिभेची होती.

कंपनीत तू माधुरी होतीस. हजेरीत, पगारात, गेटवरच्या पासावर. मला किती दिवस माहीतच नव्हतं, की माधुरी तुझ्यावर लग्नात चढवलेलं नाव आहे. एका दुपारी डबा खाताना तू सहज सांगितलंस. मांडवात ताट आलं, ताटात तांदूळ पसरले, तुझ्या नवऱ्यानं, म्हणजे माझ्या भाऊजींनी, अंगठीनं त्यावर माधुरी लिहिलं. नाव त्यांच्या थोरल्या बहिणीनं सुचवलेलं, तिला ते फार गोड वाटायचं. बायकांनी कौतुक केलं, तू खाली मान घालून हसलीस. मग कुणीतरी ताट उचलून आत नेलं. तुला त्या क्षणी एकच गोष्ट बघायची होती म्हणे, त्या तांदळाचं पुढं काय करतात.

“काय केलं गं?” मी विचारलं.

“शिजवले असतील. वऱ्हाड मोप हुतं.”

तारा हे तुझ्या आजीनं ठेवलेलं. भाऊ तुला आक्का म्हणायचा, पोरं आई म्हणायची, सासरी माधुरी. तारा म्हणणारी एकटी तुझी आई होती, आणि त्या वर्षी ती गेली होती. तेव्हा तू पहिल्यांदा मला म्हणालीस, की तू तरी मला तारा म्हणत जा, नाहीतर ते नाव संपलंच. मी घास गिळला आणि सासूबाईंचं कारण सांगितलं. तू म्हणालीस, तुझी सासू निगडीत, आपण भोसरीत, तिला कसं ऐकू जाईल. मी म्हणाले, तुला माझ्या सासूबाई माहीत नाहीत.

मग चाकणचा नवा प्लांट उभा राहिला आणि आपला सगळा डेटा तिकडच्या सर्व्हरवर न्यायचं ठरलं. शेवटच्या दिवशी खोलीत खोकी बांधलेली, वायरी लोंबतायत, आणि तू परत तेच. अजून वेळ आहे, तो कॉलम बदल. मला तर चेवच आला. मी म्हणाले, एक जरी नोंद इकडची तिकडं झाली, तर तुला पाहिजे त्या नावानं हाक मारीन, भर कँटीनमध्ये, अख्ख्या शिफ्टसमोर.

तू हात पुढं केलास. मी त्यावर टाळी दिली. खणखणीत वाजली.

पुढचं तुला माहीतच आहे. नव्या सर्व्हरनं सगळ्या टेबलांना आपले आपले नवे नंबर वाटले, देवळातल्या प्रसादासारखे, समोर येईल त्याला. माझे जुने आकडे मात्र जुन्याच घरांची कडी वाजवत राहिले. तीन नंबर लाइनच्या चाचण्यांचा म्हणून मी जपलेला आकडा तिकडं कँटीनच्या टेबलाला मिळाला होता. म्हणून ती उसळ. तुझी टेबलं, ज्यांत तू तो खास प्रकार वापरला होतास, ती नव्या घरात अशी नांदत होती जशी तिथंच जन्मली. साहेब गेल्यावर तू माझी खुर्ची ओढलीस, जुन्या प्रतीवरून एकेका नंबराचं नाव काढलंस आणि संध्याकाळपर्यंत माझं सगळं जागच्या जागी लावून दिलंस. एकही सील चुकीचं गेलं नाही. साहेबांना तू सांगितलंस, की बदल चालू आहेत. त्यात खोटं काही नव्हतं.

खरा हरामखोरपणा त्याच्या पुढचा. पैज मी हरले होते, आणि मी हाक मारली नाही. पण टाळी दिली होती, तेव्हा माधुरीही म्हणता येईना. मग मी काय केलं? मी तुला कुठल्याच नावानं बोलावणं सोडून दिलं. अगं. ए. ऐक ना. इकडं बघ. लांब असलीस तर टाळी वाजवायची किंवा टेबलावर पेन आपटायचं. तुला ते दुसऱ्याच दिवशी कळलं असणार. मी ‘अगं’ म्हटलं की ओ द्यायला एक क्षण जास्त घ्यायचीस. त्या एका क्षणात तू वाट बघायचीस. मी तो क्षण रोज बघितला आणि रोज जाऊ दिला.

कंपनीच्या बसमध्ये मात्र सगळं सोपं होतं. तिथं हाक मारावीच लागायची नाही, तू खांद्याला खांदा लावून असायचीस. तळवडं मागं पडलं की हिवाळ्यात इंद्रायणीच्या पुलावर धुकं असायचं. बस त्यात शिरली की खिडकीबाहेर नदी नाही, रस्ता नाही, पुढचा ट्रकसुद्धा नाही, नुसतं पांढरं. आपण दोघी अर्ध्या झोपेत. मला वाटायचं, आपण वाहून चाललोय, आणि कुणाला काय म्हणतात हे ह्या पांढऱ्यात कुणी विचारणार नाही. एकदा तू झोपेतच माझ्या खांद्यावर डोकं टाकलंस आणि मी तुझ्या केसांतल्या तेलाच्या वासात अगदी जवळ गेले होते गं त्या नावाच्या. ओठांपर्यंत आलं होतं. तेवढ्यात चाकणच्या बाजूचं ऊन आलं आणि बसमधले सगळे आपापले डबे शोधायला लागले.

आपलं भांडणही तसंच राहिलं, अर्धं. मी म्हणायची, हरले तरी मुद्दा माझा बरोबर: आतला नंबर हेच खरं, नाव म्हणजे अंगावरचं लुगडं. तू म्हणायचीस, भावानं पुनावळ्याचं रान बिल्डरला दिलं, गट नंबर तोच राहिला, पण त्या नंबराला हाक मारली तर ओ द्यायला तिथं काय आहे? लिफ्ट. मी म्हणायची, बघ, म्हणजे नंबर टिकला. तू म्हणायचीस, टिकला, पण मुका झाला. मग एक दिवस तू मला पडद्यावर दाखवलंस. एक खोटं टेबल केलंस, त्याची नोंद तुझ्या त्या लाडक्या कॉलममध्ये ठेवलीस. विचारलं, तर कॉलमनं टेबलाचं नाव सांगितलं. मग टेबलच काढून टाकलंस आणि परत विचारलंस. आता नाव नव्हतं. नुसता नंबर उघडा पडला होता, कारण त्या नंबराचं म्हणून जगात काही उरलं नव्हतं. मग तू त्याच नावाचं दुसरं टेबल केलंस, हुबेहूब. कॉलमनं त्याला ओळख दिली नाही. तो आपला जुनाच नंबर सांगत बसला.

मी हसून म्हणाले, हा तुझा कॉलम फारच एकनिष्ठ. तू हसली नाहीस. पडद्याकडे बघत राहिलीस. आज वाटतं, तिथं मी विचारायला हवं होतं, काय झालं म्हणून. मी चहा आणायला गेले.

सासूबाई गेल्या. त्यांच्या वर्षश्राद्धानंतर माझ्यापाशी काही निमित्त उरलं नव्हतं. तरी जीभ उचलेना. सवयीचा असा एक गंज चढतो, की कुलूप कशासाठी लावलं होतं ते विसरतं आणि किल्ली फिरतही नाही. मग आपण निवृत्त झालो, दर रविवारी तू माझ्याकडे यायला लागलीस, आपण ह्याच गॅलरीत बसून जगाची लायकी काढायला लागलो. माझी नात एकदा माझा फोन घेऊन धावत आली, आजी, आजी, ही ‘अगं’ कोण आहे, तिचा फोन आलाय. फोनमध्येसुद्धा मी तुला ‘अगं’ म्हणून साठवलं होतं. मी खोकल्याचं नाटक केलं. पण तू दाराबाहेरच उभी होतीस, जिना चढून आली होतीस आणि बेल चालत नव्हती म्हणून फोन लावला होतास. सगळं ऐकलंस. आत येऊन चपला काढता काढता नातीला म्हणालीस, अगं म्हणजे मी, माझी पैज अडकलीय तुझ्या आजीकडं.

आजार वाढला तेव्हा मी तुझ्याकडे यायला लागले. तू उशीला टेकून बसायचीस, खिडकीतून रेल्वेचा आवाज यायचा, आणि मधूनच तुझा डोळा लागायचा. बोलता बोलता तू कुठं तरी जाऊन यायचीस. आल्यावर सांगायचीस, आज रानात गेले होते, विहिरीवर. आई हाक मारत होती. मी विचारायची, काय म्हणून? तू नुसती माझ्याकडे बघायचीस. बदमाश. मरतानाही तू डाव टाकत होतीस.

एका दुपारी तू सरळच विचारलंस, पैज आठवते का. मी म्हणाले, कसली पैज. काय माणूस आहे मी, सांग. तू इतकी हसलीस की धाप लागली. पाणी पिऊन, डोळे मिटून म्हणालीस,

“ऱ्हाऊ दे. आता मीच वर जाऊन तुझ्या सासूची परवानगी काढते. मग घे.”

मला वाटलं, अजून येणं होईल. मी तुझं पांघरूण सारखं केलं आणि ‘येते गं’ म्हणून निघाले. ‘येते गं’. शेवटचं सुद्धा बिननावाचं.

दहाव्याला पवनेच्या घाटावर आले होते. मनाशी ठरवून आले होते. कावळा थांबेल, शिवणार नाही, तुझी काही इच्छा राहिलीय म्हणून सगळे एकमेकांकडे बघतील, भाऊजी म्हणतील मुलीकडं बघेन, भाऊ म्हणेल अमुक करेन, आणि कावळा तरी हलणार नाही. मग मी पुढं होईन. सगळ्या गावासमोर हात जोडीन आणि ती हाक मारीन. भाषण पाठ केलं होतं म्हण ना. आणि तू काय केलंस? पिंड ठेवला, लोक दोन पावलं मागं सरले, अजून पुरते सरलेही नव्हते, तर कावळा आला आणि घास घेऊन गेला. वाट बघितलीच नाहीस. सगळ्यांना बरं वाटलं, समाधानानं गेली म्हणाले. मी एकटी तिथं तोंड उघडं टाकून उभी. इतकी वर्षं ओ द्यायला एक क्षण जास्त घेणारी तू, त्या दिवशी तेवढाही थांबली नाहीस.

समाधानानं गेलीस का गं? की माझी नाटकं तुला आता बघवत नव्हती?

तेव्हापासून हे डोक्यात फिरतं. तुला ते नाव ऐकायचं होतं, मागून, पैज लावून, जिंकून सुद्धा. आणि ते द्यायला माझी एक जीभ हलवायची होती. आता मी ते कितीही वेळा म्हटलं तरी ओ यायची नाही. मी म्हणते कधी कधी, इथं गॅलरीत, अगदी हळू, ओठांतल्या ओठांत. ऊन हलतं. समोरच्या इमारतीवर कुणीतरी वाळवण घालत असतं. वाटतं, धुक्यातून बस यायचीय अजून, आणि तू खिडकीची जागा धरून बसली आहेस, आणि मी चढले की सरकशील. तुझं म्हणणं बरोबर होतं, हे मी तुला कधी सांगितलं नाही. आत नंबर असू दे, बाहेर नाव लागतं. दुसऱ्यानं घ्यायला. आता सांगते. उशीर मला नवा नाही.

काल तुझ्या घरी गेले. भाऊजी एकटेच होते, मुलगी बँकेच्या कामाला गेली होती. त्यांनी चहा केला, साखर घालायची विसरले, मी तसाच प्यायले. काय बोलावं कळेना म्हणून मी त्यांना उसळीची गोष्ट सांगितली. भाऊजींना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. पुढचे दोन दात गेलेत त्यांचे, तू कधी सांगितलं नाहीस. मग ओघात पैजही सांगितली, कारण तिच्याशिवाय गोष्ट पुरी होत नव्हती. ते म्हणाले, काय नाव घ्यायचं होतं? म्हटलं, तिचं माहेरचं. आणि त्यांनी पुढं काही विचारायच्या आत मी ते मोठ्यानं म्हटलं. तारा. नीट, स्वच्छ, दारापर्यंत जाईल असं. काही झालं नाही. सासूबाई आल्या नाहीत, जीभ झडली नाही. स्वयंपाकघरात कुकर थंड होत होता तेवढाच आवाज.

मी सांगितलं, की आई गेल्यावर ह्या नावानं हाक मारणारं तिला कुणी उरलं नव्हतं, आणि तिला ते फार हवं होतं, आणि मी दिलं नाही. मला वाटलं, ते माझी समजूत घालतील, जाऊ द्या म्हणतील. त्यांनी बशी खाली ठेवली. ज्या बोटात ती अंगठी असायची ते बोट दुसऱ्या हातानं चोळत होते. मग म्हणाले,

“तुमच्यासंगं पैज लावली तिनं, वहिनी. मला नुसतं सांगितलं असतं, तरी मी म्हणलो असतो.”